काचबिंदु आणि डोळ्यांतील तंतूंची जाडी



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी चार दिवस त्याच्या गांवीं, वेळणेश्वरास, राहून आलों. गुहागर तालुक्यांतील हें समुद्रकांठचें गांव तुमच्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. अर्धचंद्राकृति किनारा, त्याच्याजवळ शंकराचें देऊळ, माडांचीं आगरें, आणि आगरांतून घरोघर जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या. परंतु आज लिहावयाचें आहे तें गांवाविषयीं नव्हे. त्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या डोळ्यांविषयीं. त्यांच्या अनुमतीनेंच मी हें लिहीत आहें.

आजोबांचें वय ६८. सकाळीं ओटीवर बसून ते वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत. जवळचा चष्मा लावला म्हणजे बारीकांतला बारीक मजकूरहि त्यांना अडत नसे. "मास्तर, डोळे अजून शाबूत आहेत बरें माझे," असें ते पहिल्याच दिवशीं मला म्हणाले. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही शेजारच्या घरीं गेलों. कोंकणांतील जुन्या घराचें दार ठेंगणें असतें. मी वांकलों, नातू वांकला. आजोबा सरळ गेले आणि वरच्या गणेशपट्टीवर त्यांचें कपाळ आपटलें. तिसऱ्या दिवशीं दुसऱ्या एका घरीं पुन्हा तसेंच झालें. "हल्लीं आजोबांचें लक्षच नसतें, सर," नातू हंसत म्हणाला. स्वतःच्या घरांत मात्र ते कधीं आपटत नसत, कारण तेथें त्यांचें अंग सवयीनेंच वांके.

मला हंसूं आलें नाहीं. माझे वडील असेच आपटूं लागले होते तेव्हां आम्ही सर्वजण, आणि सर्वांत अधिक मी, विज्ञानाचा पदवीधर, असें म्हणत होतों कीं मोतीबिंदु असेल, पिकला म्हणजे काढूं. तो पिकण्याची वाट पाहण्यांत अडीच वर्षें गेलीं. नंतर डॉक्टरांनीं पाहिलें तों तो मोतीबिंदु नव्हताच. काचबिंदु होता, आणि गेलेली दृष्टि परत येण्याजोगी नव्हती. मोतीबिंदूची गोष्ट आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८९४ सालीं मिरजेस मिशनचें इस्पितळ उघडल्यावर डॉ. वान्लेस यांच्याकडे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं दूरदूरचे लोक जात, तेव्हांपासून तर अंधाला पुन्हा दिसूं लागतें हा अनुभव घरोघर पोंचला आहे. या चांगल्या अनुभवामुळेंच एक चुकीची समजूत रूढ झाली आहे कीं म्हातारपणीं दृष्टि मंद झाली तर घाई नको. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून दुसरें बसवितां येतें. काचबिंदूंत डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे तंतु मरतात. ते बदलण्याची विद्या अद्याप कोणासहि साध्य झालेली नाहीं.

आतां एक प्रश्न तुमच्या मनांत आला असेल. डोळ्यांतील इतकें कांहीं नष्ट होत असतां त्या माणसाला स्वतःला कळत कसें नाहीं? याचें उत्तर तुम्ही स्वतःच काढूं शकतां. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटिमीटर अंतरावर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झांका. उजव्या डोळ्यानें केवळ फुलीकडे पाहात कागद हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर कागद आला म्हणजे ठिपका एकाएकीं नाहींसा होईल. मारिऑट नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत हा प्रयोग प्रथम करून दाखविला. ठिपका नाहींसा होतो हें नवल आहेच. पण खरें नवल पुढेंच आहे. त्या जागीं तुम्हांला काळें भोंक दिसत नाहीं. कागदच दिसतो, पांढरा स्वच्छ कागद! जेथें डोळा कांहींच पाहात नाहीं तेथें मेंदु आजूबाजूचा रंग सारवून मोकळा होतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून नेहमींच्या व्यवहारांत हें भोंक आपणांस जन्मभर जाणवत नाहीं. काचबिंदूच्या रोग्याचें असेंच होतें. त्याला अंधार दिसत नाहीं. गणेशपट्टी असते तेथें त्याला दार दिसतें.

तो ठिपका जेथें नाहींसा झाला ती डोळ्यांतील जागा कोणती, हें समजलें म्हणजे आपला विषय सुरू झाला. डोळ्याच्या आंत मागील बाजूस दृष्टिपटल नांवाचा पातळ पडदा असतो. प्रकाश त्यावर पडतो, त्यांतील पेशी त्याचें संदेशांत रूपांतर करितात, आणि ते संदेश घेऊन सुमारे दहा ते बारा लक्ष सूक्ष्म तंतु पडद्याच्या पृष्ठभागावरून एका गोल चकतीकडे धांवतात. त्या चकतीशीं ते सर्व वळून, चाळणीसारख्या एका जाळींतून डोळ्याबाहेर पडतात व त्यांची एक दोरी होऊन मेंदूकडे जाते. ही दोरी म्हणजे दृष्टिनाडी. चकतीवर प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी मुळींच नाहींत, म्हणून तेथें ठिपका हरवतो.

वेळणेश्वरास महाशिवरात्रीची यात्रा भरते. त्या दिवशीं प्रत्येक वाडींतून माणसें निघतात. वाडीच्या टोंकाला पाखाडीवर एकदोनच माणसें असतात. जसजसें देऊळ जवळ येतें तसतशी एकेका वाटेला दुसरी मिळत जाते आणि देवळापाशीं गर्दी दाट होते. समजा, यात्रेस किती लोक आले हें तुम्हांला मोजावयाचें आहे. प्रत्येक वाडींत जाण्यापेक्षां देवळाभोंवतीं एक वर्तुळ आंखून त्यावर उभे राहणें सोयीचें. जो जो येईल त्याला तें ओलांडावेंच लागेल. डोळ्याचे डॉक्टरहि हेंच करितात. चकतीभोंवतीं सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ आंखून, त्या वर्तुळावर प्रत्येक ठिकाणीं तंतूंचा थर किती जाड आहे तें मोजतात. तंतु मोजणें अशक्य; पण गर्दीची दाटी मोजतां येते. एखाद्या बाजूस थर पातळ भरला तर त्या बाजूच्या वाडीचीं माणसें कमी आलीं असें समजावें.

हे तंतु मरतात कां? डोळ्याच्या पुढील भागांत पाण्यासारखा एक द्रव सतत उत्पन्न होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक मोऱ्यांतून सतत बाहेर जातो. मोरी तुंबली तर आंतील दाब वाढतो, आणि डोळ्याचें कवच जेथें दुबळें असेल तेथें तो जाणवतो. तें दुबळें स्थान म्हणजे वर सांगितलेली जाळी. तींतून जाणारे तंतु हळूहळू चेंगरतात. कांहीं लोकांत मोरी एकदम बंद होते. तेव्हां डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, ओकाऱ्या होतात. असें झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठला पाहिजे. परंतु पुष्कळांचा काचबिंदु न दुखतां, न बोलतां वर्षानुवर्षें चालतो. येथें पालकांसाठीं एक गोष्ट मध्येंच सांगून ठेवतों. डोळे खाजतात, लाल होतात म्हणून औषधांच्या दुकानांतून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालीत राहिल्यानेंहि डोळ्यांतील दाब वाढतो व काचबिंदु होतो. आणि तो लहान मुलांनासुद्धां होतो.

दाबच जर कारण, तर दाब मोजला म्हणजे काम झालें, असें पूर्वीं वाटे. १९०५ सालीं नॉर्वेच्या शिऑट्झ यानें दाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र केलें, पुढें स्वित्झर्लंडच्या गोल्डमान यानें त्याहून चांगलें केलें. साधारणतः पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर हा दाब निरोगी समजतात. पण याच मोजमापानें अनेकांना फसविलें आहे. दाब यापेक्षां कमी असूनहि तंतु मरतात असे रोगी थोडेथोडके नाहींत, आणि दाब जास्त असूनहि ज्यांचे तंतु वर्षानुवर्षें सुखरूप राहतात असेहि आहेत. त्यांत आणखी एक मेख आहे. यंत्र डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलावर टेंकवून दाब मोजतात. तें पटल पातळ असेल तर दाब असतो त्याहून कमी भासतो. आपल्या महाराष्ट्रांतच, नागपूरजवळच्या खेड्यांत, सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनीं जर्मनीच्या डॉ. योनास यांच्या सहकार्यानें २००६ ते २००९ या काळांत तिशीच्या पुढील ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले. त्यांच्या त्या पटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय लोकांत ती बहुधा ५४० च्या आसपास मिळते. म्हणजे युरोपच्या मापानें "दाब ठीक आहे" असें म्हणून आपल्या शेतकऱ्याला घरीं पाठविणें धोक्याचें ठरूं शकतें.

(मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. तुमच्या डोक्याचा एक केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो. ही तुलना ध्यानांत ठेवा, पुढें लागेल.)

मग दाबावर विसंबून न राहतां तंतूंकडेच कां पाहूं नये? जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागील पडदा पाहण्याचें साधन जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनें १८५१ सालींच दिलें होतें. पण तंतूंचा थर जवळजवळ पारदर्शक असतो. १९७३ सालीं अमेरिकेंतील डॉ. हॉइट व त्यांचे सहकारी यांनीं तांबडा रंग वगळलेल्या हिरवट प्रकाशांत पाहून दाखविलें कीं काचबिंदूच्या रोग्यांत त्या चकाकणाऱ्या थरांत काळसर फटी दिसतात. दाट केसांत भांग पडावा तशा. पुढें १९८२ सालीं बाल्टिमोरचे डॉ. क्विग्ली यांनीं मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांच्या दृष्टिनाड्या तपासून त्यांतील तंतूंची गणना केली, व ती त्याच माणसांच्या जिवंतपणींच्या दृष्टिक्षेत्राच्या तपासण्यांशीं ताडून पाहिली. दृष्टिक्षेत्राची तपासणी म्हणजे रोग्यास समोर एकाच बिंदूकडे पाहावयास सांगून आजूबाजूस बारीक दिवे लावतात व दिसला कीं कळ दाबावयास सांगतात ती. क्विग्ली यांना असें आढळलें कीं त्या तपासणींत कांहींहि दोष उमटण्यापूर्वींच ४० टक्क्यांपर्यंत तंतु गेलेले असूं शकतात. हा आंकडा मीं प्रथम वाचला त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमचे वडील आपटूं लागले तेव्हां काय उरलें असेल!

फट दिसली म्हणजे रोग आहे हें कळे. पण सर्व बाजूंनीं थोडाथोडा विरळ होत जाणारा थर नुसत्या डोळ्यांनीं ओळखणें निष्णातांनाहि जड जाई. तेथें मापच हवें. तें माप १९९१ सालीं मिळालें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सोबत्यांनीं प्रकाशाच्या साहाय्यानें डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद, कोठेंहि सुरी न लावतां, घेऊन दाखविला. या पद्धतीस ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी म्हणतात. दवाखान्यांत तिला ओ. सी. टी. म्हणूनच ओळखतात.

तिचें तत्त्व समजणें कठीण नाहीं. मच्छीमारांच्या यांत्रिक होड्यांवर पाण्याची खोली मोजण्याचें यंत्र असतें. तें खालीं ध्वनि सोडतें आणि तळावरून प्रतिध्वनि येण्यास किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतें. ओ. सी. टी. हें काम प्रकाशानें करितें. तिचा प्रकाश तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांस जेमतेम दिसणारा वा न दिसणारा असतो. तो पडद्यावर पडला कीं तंतूंच्या थराच्या वरच्या पृष्ठावरून थोडा परततो, खालच्या पृष्ठावरून थोडा परततो. या दोन परतीच्या किरणांच्या वेळेंतील अंतर कळलें कीं थराची जाडी कळली. पण येथेंच अडचण येते. प्रकाश सेकंदास ३ लक्ष किलोमीटर धांवतो. ५ मायक्रॉन जाडीचा भेद ओळखावयाचा तर सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग करून त्यांतील एका भागाचाहि विसावा-तिसावा हिस्सा मोजला पाहिजे. इतकें बारीक मोजणारें घड्याळ दवाखान्यांत कोठून आणणार?

त्यावर युक्ति अशी कीं घड्याळच वापरावयाचें नाहीं. एकाच दिव्याच्या किरणाचे दोन भाग करावयाचे. एक डोळ्यांत पाठवावयाचा, दुसरा यंत्रांतील आरशाकडे. दोघे परत आले म्हणजे त्यांस एकत्र मिळवावयाचें. पाण्यांत दोन खडे टाकले तर लाटा कोठें परस्परांना वाढवितात, कोठें पुसतात, हें तुम्ही तळ्याच्या कांठीं पाहिलें आहे. प्रकाशाच्या लाटांचेंहि तसेंच होतें. परंतु येथील दिवा असा निवडलेला असतो कीं दोन्ही किरणांनीं चाललेलें अंतर जवळजवळ तंतोतंत सारखें असेल तेव्हांच त्यांच्या लाटा एकमेकींशीं जुळतात. म्हणून आरसा मागेंपुढें सरकवून, कोणत्या ठिकाणीं लाटा जुळल्या हें पाहिलें कीं डोळ्यांतील किरण किती खोलीवरून परतला तें आरशाच्या स्थानावरूनच वाचतां येतें. वेळ मोजण्याऐवजीं लांबी मोजली! २००२ च्या सुमारास प्रचारांत आलेलें यंत्र अशा रीतीनें सेकंदाला ४०० रेघा मोजी व सुमारे १० मायक्रॉनांचा भेद ओळखी. २००६ नंतरच्या यंत्रांत आरसा हालवावा लागत नाहीं. परतलेला प्रकाश रंगांगांत विभागून सर्व खोल्या एकदम गणितानें काढतात. त्यांपैकीं एक यंत्र सेकंदाला २७,००० रेघा घेतें, आणि ५ मायक्रॉनांचा भेद ओळखतें. रोग्याला करावयाचें असतें तें इतकेंच कीं हनुवटी टेंकून, पापणी न हालवितां, क्षणभर एका खुणेकडे पाहणें. डोळ्याला कांहीं लागत नाहीं, दुखत नाहीं.

निरोगी प्रौढ डोळ्यांत वर्तुळाभोंवतींची सरासरी जाडी साधारण १०० मायक्रॉन असते. म्हणजे एका केसाहून थोडी अधिक. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतून २००४ सालीं व तिरुनेलवेलीच्या अरविंद नेत्र रुग्णालयांतून २००६ सालीं भारतीय लोकांचीं मापें प्रसिद्ध झालीं, त्यांतहि सरासरी १०० च्या थोडी वरच भरली. परंतु थर सर्वत्र सारखा नसतो. वर आणि खालीं तो सव्वाशेच्या आसपास जाड असतो, नाकाकडे व कानाकडे सत्तर-ऐंशीच्या आसपास. तंतु दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला वळसा घालून वरून व खालून येतात, म्हणून त्या दोन वाटांवर दाटी. वर्तुळ उलगडून कागदावर सरळ रेघ केली तर आलेखांत दोन डोंगर आणि मध्यें खिंड असें चित्र दिसतें. काचबिंदु बहुधा प्रथम या डोंगरांवरच घाला घालतो, आणि त्यांतहि खालच्या डोंगरावर अधिक वेळां. डोळ्यांत चित्र उलटें पडतें हें तुम्ही भौतिकशास्त्रांत शिकलां आहांत. म्हणून खालचे तंतु मेले कीं वरचें दिसेनासें होतें. आजोबांचें कपाळ कां आपटलें, हें आतां तुम्हीच सांगा.

रोग वाढत जातो तशी सरासरी ऐंशी, सत्तर, साठ अशी उतरत जाते. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील अभ्यासकांना २०१२ सालीं असें दिसलें कीं सरासरी सुमारे ७५ मायक्रॉनांपर्यंत उतरली म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणींत दोष प्रकट होऊं लागतो. शंभरापासून पंचाहत्तरापर्यंतचा हा उतार रोग्याला कळत नाहीं, आणि औषधाचा खरा उपयोग त्याच उतारावर आहे. दुसऱ्या टोंकाला, पन्नास-पंचावन्नांच्या खालीं माप सहसा जात नाहीं. सर्व तंतु मेले तरी रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी उरतातच. त्यांची ती जाडी असते. तेथें यंत्र मुकें होतें, आणि पुढील हानि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीनेंच कळते.

इतकें वाचून कोणी पालक म्हणतील, बरें, मग एक आंकडा ठरवून द्या. त्याच्या वर निरोगी, खालीं रोगी. येथेंच माझें त्यांच्याशीं भांडण आहे. असा आंकडा नाहीं. निरोगी माणसांत एकाचा थर ११५ तर दुसऱ्याचा ८५ असूं शकतो, आणि ज्याचा मूळचा ११५ होता तो ८८ वर आला तर तो रोगी असूनहि ८५ वाल्या निरोगी माणसाच्या वरच राहील. २००७ सालीं ३२८ निरोगी माणसांची जी मापें प्रसिद्ध झालीं त्यांत असेंहि दिसलें कीं वयाच्या दर दहा वर्षांस थर सुमारे २ मायक्रॉन आपोआप कमी होतो, आणि डोळ्याचा गोळा १ मिलिमीटर लांब असेल तर आणखी २ मायक्रॉनांनीं कमी भरतो. ज्यांना दूरचें दिसत नाहीं त्यांचे डोळे लांबट असतात. म्हणून चष्म्याचा नंबर मोठा असलेल्या निरोगी माणसालाहि यंत्र उगाच भिवविण्याचा संभव असतो.

यंत्र कागदावर हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग छापतें. हे रंग रोगाचे नव्हेत. त्याच वयाच्या १०० निरोगी माणसांत सर्वांत पातळ थराच्या पांचांत तुमचा आंकडा पडला तर पिवळा, सर्वांत पातळ अशा एकांत पडला तर तांबडा. आतां गणित करा. ६०० पूर्ण निरोगी प्रौढ माणसें तपासलीं तर सुमारे ३० जणांस हिरवा रंग मिळणार नाहीं, व त्यांतील ६ जणांस तांबडा मिळेल. त्यांना काय काचबिंदु झाला? आणि उलट बाजूहि पाहा. वर्तुळाचे घड्याळाप्रमाणें १२ भाग करितात. समजा बाराहि भागांची सरासरी १०० आहे. खालचे दोन भाग १४० वरून एकदम ७० वर आले, म्हणजे तेथील निम्मे तंतु गेले, तरी एकूण सरासरी किती उतरेल? १४० भागिले १२; सुमारे १२ मायक्रॉन. सरासरी ८८, बहुधा हिरव्यांतच! म्हणून शहाणा डॉक्टर सरासरीवर थांबत नाहीं. तो डोंगरांचा आकार पाहतो, उजवा डोळा डाव्याशीं ताडतो, आणि मूळ चित्रांत यंत्रानें थराच्या सीमा बरोबर आंखल्या आहेत कीं पापणी हालल्यामुळें भलतीकडे आंखल्या आहेत हेंहि पाहतो.

सर्वांत मोलाचा साक्षी म्हणजे तुमचाच पूर्वींचा कागद. मात्र त्यांतहि दोन अटी आहेत. एका यंत्राचा आंकडा दुसऱ्या बनावटीच्या यंत्राच्या आंकड्याशीं ताडूं नये; त्यांच्यांत दहा-दहा मायक्रॉनांचा फरक सहज पडतो. आणि एकाच यंत्रावर, एकाच डोळ्यांत, दोन भेटींच्या सरासरींत चार-पांच मायक्रॉन इकडेतिकडे होतात; तेवढ्यानें घाबरूं नये, तेवढ्यानें हर्षूंहि नये.

माझ्या स्वतःच्या बाबतींत हें सर्व मीं अनुभविलें. ज्याच्या आईबापांस अथवा भावंडांस काचबिंदु आहे त्याला तो होण्याचा संभव इतरांहून अनेक पटींनीं अधिक असतो, म्हणून वयाच्या ४५ व्या वर्षीं मीं माप करून घेतलें. उजवा डोळा ९१, डावा ८२, आणि डाव्याच्या खालच्या भागाला पिवळा रंग. दृष्टिक्षेत्र निर्दोष. माझा चष्मा पांच नंबरचा आहे. "हा पातळपणा लांबट डोळ्याचा आहे कीं रोगाचा, हें आज मला सांगतां येणार नाहीं, सहा महिन्यांनीं याच यंत्रावर या," असें डॉक्टर म्हणाले. हें उत्तर ऐकून मी प्रथम खिन्न झालों; आतां वाटतें कीं तेंच एक प्रामाणिक उत्तर होतें. सहा महिन्यांनीं ९० आणि ८३ आले. म्हणजे कांहींच ठरलें नाहीं. तिसरें माप येत्या जूनमध्यें आहे.

वेळणेश्वरास त्या तिसऱ्या दिवशीं रात्रीं मीं आजोबांस समोर बसवून एक एक डोळा झांकावयास सांगितला, माझ्या नाकाकडे पाहावयास लावलें, आणि बोट वरून हळूहळू खालीं आणलें. उजव्या डोळ्यानें त्यांनीं तें लवकर ओळखलें. डाव्यानें, बोट माझ्या भुंवईपर्यंत आलें तरी ते म्हणत होते, "आणा कीं मास्तर, केव्हां आणतां?" नातू तेव्हां हंसला नाहीं. ही कांहीं शास्त्रीय परीक्षा नव्हे, आणि तिनें दोष दिसला नाहीं म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. पण चिपळुणास जाण्याला ती पुरेशी झाली. तेथें दाब, दृष्टिक्षेत्र व ओ. सी. टी. हीं तीन्ही झालीं. उजवा डोळा ७३, डावा ५४.

भारतांत चाळिशीच्या पुढील सुमारे १ कोटी १२ लक्ष लोकांना काचबिंदु असावा असा अंदाज २०१० सालीं प्रसिद्ध झाला आहे, आणि दक्षिणेंतील गांवोगांवच्या पाहण्यांत असें आढळलें कीं दहांतील नऊ रोग्यांना आपणांस हा रोग आहे हें ठाऊकच नव्हतें. आजोबा त्या नवांतले होते. उपचार काय, तर रोज ठराविक वेळीं थेंब; ते पुरेसे न पडल्यास लेसर किंवा शस्त्रक्रिया. या सर्वांनीं दाब उतरतो आणि उरलेले तंतु राखतां येतात. थेंब घातल्यानें कांहीं अधिक दिसूं लागत नाहीं, म्हणून पुष्कळ रोगी दोनचार महिन्यांत ते सोडून देतात. आजोबाहि गणपतीच्या सुमारास सोडूं पाहात होते. "घालून कांहीं फरक तर दिसत नाहीं," असें त्यांचें म्हणणें. "फरक दिसूं नये म्हणूनच तर घालावयाचे, आजोबा," असें नातवानें त्यांना सांगितलें, हें मला मागाहून कळलें.

आजोबांचे धाकटे बंधु मुंबईस गिरगांवांत असतात. पुतण्याच्या टेलिफोनवरून तेहि जाऊन तपासून आले. त्यांना कसलीच तक्रार नव्हती. त्यांचा उजवा डोळा ९३ आणि डावा ८०, खालचा डोंगर खचलेला. दृष्टिक्षेत्र अजून निर्दोष. त्यांचे थेंब सुरू झाले आहेत. आजोबांचा मुलगा, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे वडील, ४४ वर्षांचे. त्यांचीं दोन्ही मापें शंभराच्या घरांत आलीं. हे सर्व कागद, यंत्राचें नांव व तारीख वर लिहून, नातवानें एका प्लॅस्टिकच्या पिशवींत घातले आहेत, आणि ती पिशवी आगराच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पेटींत ठेविली आहे.